हरळी आणि हँडिकॅप

हरळी किती चिवट असते, हे ज्याने ती कुदळीने खणली आहे त्यालाच कळतं. एकवीस दूर्वांची जुडी गणपतीला वाहणारे तिच्यापुढे हात जोडतात. महागाव तालुक्यातला कास्तकार तिच्यापुढे हात टेकतो. आमच्या काळ्या रानाचे तीन जुने वैरी आहेत: हरळी, कुंदा आणि लव्हाळा. त्यातही हरळीची तऱ्हा न्यारी. चैत्र-वैशाखात वावर खोल नांगरून ढेकळं उन्हात तापू द्यायची, मग बाया लावून काश्या, म्हणजे हरळीच्या मुळ्या, वेचायच्या, धुऱ्यावर ढीग घालायचा आणि वाळला की पेटवून द्यायचा. एवढं करूनही बोटभर काशी मातीत राहून जाते आणि मृगाची सर पडली की सगळ्यांत आधी तिलाच कोंब फुटतो. पऱ्हाटी अजून दोन पानांवर असते, तोवर हरळीने अर्धं तास गाठलेलं असतं.

मग डवरणी, मग निंदण, मग पुन्हा डवरणी. कापूस आणि सोयाबीनवर चालणाऱ्या आमच्या तालुक्यात अर्धा खरीप गवताशी झगडण्यात जातो. निंदणाला बाया मिळेनात, मिळाल्या तर मजुरी परवडेना, म्हणून लोक तणनाशकाकडे वळले. तणनाशक सोसणारं कापसाचं बियाणं, ज्याला सरकारची परवानगी नाही, तेही चोरूनमारून पेरू लागले. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते औषध किडीचं होतं, तणाचं नव्हतं. पण पाठीवर पंप आणि नाकातोंडात फवारा ही गत दोन्हीकडे एकच. गवत काढण्यात ज्यांचा जन्म जातो अशा गावातला मी माणूस. गवत वाढवण्यासाठी पगारी माणसं ठेवणारी जागा मुंबईत आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

महागावात गोल्फ कोणी खेळत नाही, हे वेगळं सांगायला नको. नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं हे तालुक्याचं ठिकाण. एका अंगाला पुसद, दुसऱ्या अंगाला उमरखेड. पोरं क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात. टीव्हीवर चुकून गोल्फ लागला तर चॅनल बदलतात. नागपूर-कामठीकडे लष्कराची मैदानं आहेत, पण तिथे आमच्यासारख्याला कोण आत सोडणार? त्यामुळे माझा भाचा चेंबूरला राहून गोल्फ खेळायला लागला, ही बातमी गावात आली तेव्हा ताईला वाटलं की पोरगं हातचं गेलं. "त्या खेळात पैसे लावतात का रे?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, पाहून सांगतो.

दिवाळीनंतर त्याच्याकडे गेलो तेव्हा तोच म्हणाला, "मामा, उद्या सकाळी चला माझ्यासंगं. खेळता नाही आलं तरी पाहा तं खरं."

"पायजमा चालते का तिथं?"

"नाही मामा. कॉलरचा शर्ट आन् फुलपँट. बूट माझे घाला."

बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ साली सुरू झाला तेव्हा चेंबूर हे मुंबईबाहेरचं गाव होतं. नंतर शहर त्याच्या अंगावर चालून आलं आणि आता चारी बाजूंनी उंच इमारती त्या हिरव्या तुकड्यात डोकावत उभ्या आहेत. फाटकातून आत गेलं की रस्त्यावरचे भोंगे मागे पडतात, झाडं सुरू होतात, आणि आपण बोलतोय तो आवाज आपल्यालाच मोठा वाटू लागतो. अठरा होलच्या मैदानाला साधारण शंभर ते दीडशे एकर जमीन लागते, असं भाच्याने सांगितलं. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. आमच्याकडे पाच एकरवाला बरा कास्तकार. म्हणजे ही वीस ते तीस घरांची शेती झाली. पण हा हिशेब फार वेळ चालला नाही. क्लब नसता तर मुंबईत ही जमीन काही वावर म्हणून राहिली नसती. तिथे आणखी इमारती झाल्या असत्या आणि झाडांच्या जागी गाड्या उभ्या राहिल्या असत्या. श्रीमंतांच्या हौसेने वाचवलेली का असेना, मुंबईच्या पोटात ही मोकळी जमीन आहे, तिच्यात पाणी मुरतं आणि पाखरं उतरतात. हे कबूल केल्यावर मी मोकळेपणाने पाहू लागलो.

आणि पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर गवत. पहिला फटका मारतात ती जागा टी, शेवटी छिद्र असतं ती जागा ग्रीन, आणि दोहोंच्या मधली लांब हिरवी पट्टी म्हणजे फेअरवे. त्या फेअरवेवर मी खाली वाकलो. जमिनीलगत सरपटत गेलेली काडी, पेरापेराला मुळं, बारीक टोकदार पातं. शंकाच नको. हरळी!

भाच्याला हे सांगितलं तर तो हसला. त्याच्या लेखी ते बर्म्युडा गवत होतं. दोघंही बरोबर होतो. वनस्पतिशास्त्रात जिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात, तीच आमची हरळी आणि तेच त्यांचं बर्म्युडा. उष्ण प्रदेशातली बहुतेक गोल्फ मैदानं याच कुळावर उभी आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाच्या गावी ग्लेन बर्टन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हरळीचा आफ्रिकेतल्या तिच्या भावकीशी संकर केला आणि १९५० व ६०च्या दशकांत टिफग्रीन, टिफवे, टिफड्वार्फ असे वाण दिले. हे वाण बी धरत नाहीत. काश्या लावूनच वाढवावे लागतात. म्हणजे आम्ही ज्या काश्या वेचून जाळतो, त्या जगात कुठे कुठे ओळीने लावल्या जातात. त्यांना पाणी मिळतं, खत मिळतं, रोग दिसला की औषध मिळतं. ग्रीनवर हे गवत तीन-चार मिलिमीटरवर राखतात आणि हंगामात रोज कापतात. या हरळीत दुसरं काही उगवलं, तर तिथले लोक त्याला तण म्हणतात. जमिनीकडून आपल्याला काय हवं एवढं बदललं की वैरी आणि पीक यांची अदलाबदल होते.

भाच्यासोबत तिघे खेळणारे होते. मला हँडिकॅप नव्हता, म्हणजे माझ्या खेळाची कुठे नोंद नव्हती. त्यामुळे मैदानावर खेळण्याचा प्रश्न नव्हता, पण पाहुणा म्हणून सोबत चालायची मुभा मिळाली. खेळ सांगायला सोपा आहे. ४६ ग्रॅमहून कमी वजनाचा चेंडू काठीने मारत मारत १०८ मिलिमीटर रुंदीच्या छिद्रात घालायचा, आणि असं अठरा वेळा करायचं. ज्याचे फटके कमी तो जिंकला. पिशवीत चौदापेक्षा जास्त काठ्या नकोत. कबड्डीत समोर गडी असतो, क्रिकेटमध्ये गोलंदाज असतो. इथे तुमच्या वाटेत कोणीच येत नाही. तुमच्याविरुद्ध उभी असते ती जमीन: तिचा चढ, तिचा उतार, तिच्यावरचं दव, तिच्यावरून वाहणारा वारा. खेळणारे चौघे एकमेकांशी गप्पा मारत चालले होते, पण झुंज प्रत्येकाची एकट्याची होती. गावात पेरणीच्या दिवसांत पारावर बसलेले लोक असेच दिसतात. गप्पा सगळ्यांच्या एकत्र. पण आभाळाकडे प्रत्येक जण आपल्या वावरासाठी पाहत असतो.

नियमांचं पुस्तक जाडजूड असलं तरी त्याचा गाभा दोन वाक्यांत मावतो. चेंडू जिथे पडला तिथून, जसा पडला तसा खेळायचा. आणि मैदान जसं आहे तसं पत्करायचं. रोजच्या खेळात पंच नसतो. फटके ज्याचे त्याने प्रामाणिकपणे मोजायचे, जोडीदाराने कार्डावर मांडायचे, शेवटी सह्या करायच्या. चौघांपैकी एकाचा चेंडू झाडाखालच्या वाढलेल्या गवतात गेला होता. तो तिथे वाकला, काठी टेकवली, मग मागे सरला आणि म्हणाला की चेंडू हलला, माझा एक फटका वाढवा. आमच्यापासून तो बराच लांब होता.

मी भाच्याला हळूच विचारलं, "कोणी पाह्यलं का?"

"त्यानं पाह्यलं ना मामा," तो म्हणाला.

या खेळात अशा गोष्टींची एक थोर परंपराच आहे. १९२५च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू असाच गवतात किंचित हलला. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने स्वतःच स्वतःला दंड लावून घेतला. शेवटी तो आणि विली मॅकफार्लेन बरोबरीत राहिले, पुन्हा खेळवावं लागलं आणि जोन्स एका फटक्याने हरला.

मला धुरे आठवले. आमच्याकडे दोन वावरांमधला धुरा नांगराच्या एकेका फाळाने सरकतो. दरवर्षी वीत-अर्धी वीत. दहा वर्षांनी पाहावं तर बैलगाडी जायची वाट उरलेली नसते. मग मोजणी, मग तहसील, मग कोर्ट. भावाभावांत बोलणं बंद होतं, ते मौतीलाही सुरू होत नाही. त्या झाडाखालच्या साहेबाकडे पाहून मला क्षणभर आमच्या लोकांची लाज वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी त्या लाजेचा राग आला. धुऱ्याच्या वितीवर कोणाचं तरी पोट असतं. साहेबाच्या त्या फटक्यावर संध्याकाळच्या गप्पांपलीकडे काही नव्हतं. जिथे खरं बोलायला काही खर्च येत नाही, तिथे खरेपणाचं पीक जोमदार येतं. जोन्सची गोष्ट मोठी ठरते ती एवढ्याचसाठी की त्याला ते खरं बोलणं अजिंक्यपदाला पडलं.

मैदान सगळ्यांत जास्त कोणाला कळतं, तर कॅडीला. आमच्यासोबतचा कॅडी चाळिशीचा असेल. खांद्यावर जड पिशवी, आणि चाल अशी की चौघांच्या पुढे जाऊन उभा. कोणत्या झाडाच्या डाव्या अंगाने वारा येतो, पावसाळ्यानंतर कोणता उतार चेंडू धरतो, कोणता सोडतो, हे त्याला न पाहता ठाऊक. ग्रीनवर भाचा वाकून, डोळे बारीक करून छिद्राकडे जाणारी रेघ शोधत होता, कॅडी उभ्यानेच म्हणाला, "साहेब, दोन बोटं उजवीकडून. हळू." चेंडू अर्धवर्तुळ घेत छिद्रात गेला. सगळ्यांनी भाच्याला शाबासकी दिली. गावाकडे पाडव्याला ठरलेला जुना सालदार वावराला जसा ओळखतो, तसा हा माणूस त्या जमिनीला ओळखत होता. कुठे पाणी साचतं, कुठे मातीखाली चुनखडी लागते, सगळं त्याच्या तळपायाला माहीत, आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं.

चेंबूरच्या या कॅडींनी मात्र एक गमतीची गोष्ट करून ठेवली आहे. क्लबाच्या भोवतालच्या वस्त्यांत त्यांनी आणि त्यांच्या पोरांनी लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि गल्ल्यांतच गोल्फ सुरू केला. पोलंडच्या तोमाश गुद्झोवाती या छायाचित्रकाराने त्याची छायाचित्रं काढली आणि ती जगभर पाहिली गेली. शंभर एकरांचा खेळ हातभर बोळात बसवणं सोपं नाही. तिथे उतार म्हणजे गटाराच्या कडेचा उतार, आणि अडथळा म्हणजे कोणाची तरी पाण्याची पिंपं. पण चेंडू जसा पडला तसा खेळायचा, हा नियम पाळायला त्या बोळाइतकी खडतर जागा क्लबाच्या आत एकही नसेल. दिल्लीच्या अली शेरनेही लहानपणी दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिल्या होत्या. पुढे १९९१ साली त्याने इंडियन ओपन जिंकली, आणि १९९३ साली पुन्हा. पिशवी खाली ठेवून काठी हातात घ्यायची संधी मिळाली तर काय होतं, याचा हा नमुना. ती संधी मिळण्याची वाट मात्र फार अरुंद आहे.

फेरी संपल्यावर भाच्याने मला सरावाच्या जागी नेलं आणि हातात काठी दिली. "डोकं खाली ठेवा, जोर लावू नका." हे दोन्ही एकदम करणं शेतकऱ्याच्या अंगाला जमत नाही, कुऱ्हाड असो की कुदळ, आमचा हात वरून खाली जोरानेच येतो. चेंडू जागेवर राहिला आणि हरळीचं एक ढेकूळ मुळासकट उडून पुढे पडलं. आयुष्यात पहिल्यांदा हरळी उपटल्याबद्दल मी माफी मागितली. तिथल्या माणसाने ते ढेकूळ उचलून परत जागी बसवलं, फटीत वाळूमिश्रित माती टाकली आणि बुटाने दाबलं. मैदानावरही हीच रीत आहे. आपण केलेला खड्डा आपण भरायचा, ग्रीनवर चेंडूने पाडलेली खोच बुजवायची, बंकर म्हणजे रेतीचे खड्डे, त्यांतल्या रेतीवर उमटलेली आपली पावलं दाताळ्याने पुसून मगच बाहेर यायचं. त्या बंकरांमधली स्वच्छ पांढरी रेती मी बराच वेळ पाहत राहिलो. आमच्याकडे पूस आणि पैनगंगेच्या रेतीसाठी रात्री-बेरात्री ट्रॅक्टर धावतात, तलाठी पाठलाग करतात. इथे ती उघड्यावर पडली होती, शेजारी दाताळं होतं, आणि तिला कोणी हात लावत नव्हतं.

मग काही चेंडू खरोखर उडाले. ताठ, उंच, आणि हाताला काहीच न जाणवता. नेमका लागला की काठीचा धक्का हाताला लागत नाही. जोर कुठून आला हे आपल्यालाच कळत नाही. त्या एका गोष्टीसाठी माणसं पुन्हा पुन्हा का जातात, ते मला पटलं. ताईला मी त्या रात्री फोन करून सांगितलं की पैसे लावतात की नाही ते माहीत नाही, पण पोराला लागलेलं व्यसन पैशाचं नाही.

क्लब म्हटलं की आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न आलाच. हा खेळ आपल्याकडे साहेबाच्या बरोबर आला. कलकत्त्याचा रॉयल गोल्फ क्लब १८२९चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सगळ्यांत जुना. कित्येक क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता, मग तो संस्थानिक असो की सर. मुंबईत १९१८ साली विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब निघाला तो गोरे आणि हिंदी दोघांनाही दार उघडं ठेवून, आणि त्या काळी ही बातमी ठरावी एवढी मोठी गोष्ट होती. नाशिकमध्ये साहेबांच्या गोल्फच्या जागेला लोक आजही गोल्फ क्लब मैदान म्हणतात. तिथे आता क्रिकेट होतं, सकाळी लोक चालायला येतात, आणि मैदानाला नाव आहे १९०९ साली कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं. खारघरला सिडकोने सार्वजनिक मैदान केलं आहे. म्हणजे फाटकं थोडी थोडी उघडली. आणि त्या बंद फाटकांच्या आतल्या वैभवात आमचाही थोडा वाटा होताच. यवतमाळचा कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला. मुंबईच्या ज्या पेढ्या आणि गिरण्या कापसावर वाढल्या, त्यांच्याच मालकांच्या आणि साहेबांच्या बैठका या क्लबांत भरत.

पण मी चेंबूरहून परतलो तो हे सगळं मनात घेऊन नाही. मला पछाडलं ते हँडिकॅपने.

भाच्याने चहा पिताना ते समजावलं. चौघांपैकी एक कसलेला, एक नवशिका. मग दोघे बरोबरीने कसे खेळणार? म्हणून प्रत्येकाच्या मागच्या खेळांवरून एक आकडा काढतात. तेवढे फटके त्याच्या एकूण फटक्यांतून वजा. जितका कच्चा तितकी सूट जास्त. २०२० पासून जगासाठी जी एकच पद्धत आखली गेली, तिच्यात हा आकडा ५४पर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे नवशिका कसलेल्याशी खेळून जिंकू शकतो, आणि जिंकला तर कोणी त्याला भीक मिळाली असं म्हणत नाही. इथवर मला नवल वाटलं नाही. नवल पुढेच होतं. खेळाडूसारखाच मैदानालाही आकडा असतो. जाणकार लोक येऊन मैदान मोजतात: लांबी किती, चढउतार किती, पाणी आणि रेती कुठे, गवत किती दाट. त्यावरून मैदानाचा स्लोप ठरतो, ५५ ते १५५च्या दरम्यान. ११३ हा मधला मानलेला. कार्डावर तो छापलेला असतो. अवघड मैदानावर खेळलात तर तुमची सूट वाढते, सोप्यावर कमी होते. म्हणजे निकाल लावण्याआधी विचारतात की बाबा, तू कसल्या जमिनीवर खेळलास?

हा प्रश्न आम्हाला कोणी असा विचारला आहे का, याचा मी परतीच्या गाडीत विचार करत बसलो. विचारतात, पैसेवारीच्या रूपाने. गावोगावी काही शेतं निवडतात, त्यांतला ठरावीक मापाचा तुकडा कापतात, मळतात, तोलतात आणि पीक रुपयात किती पैसे आलं ते ठरवतात. आमच्या विदर्भात सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि ३१ डिसेंबरला अंतिम पैसेवारी जाहीर होते. पन्नास पैशांच्या खाली आली तर महसुलात सूट, पोरांच्या परीक्षेची फी माफ, कर्जाचे हप्ते नव्याने बांधून मिळतात, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत. एकावन्न पैसे आली तर काही नाही. बरं, ही पैसेवारी गावाची. नाल्याकाठी गाळाची जमीन असलेला आणि वर मुरमाड माळावर खरडणारा, दोघांचा आकडा एकच. दुबार पेरणी केलेला आणि पहिल्याच पाण्यावर साधलेला, दोघांचा निकाल एकच. आणि हा आकडा निघतो पीक हातचं गेल्यावर. आधी जमीन मोजून मग खेळाला बसवलं, असं होत नाही.

मला हे पुरतं ठाऊक आहे की क्लबात हे जमतं ते फाटकामुळे. आत माणसं मोजकी, एकमेकांना ओळखणारी, आणि हरण्यात कोणाचं घर बुडत नाही. तिथे दुबळ्याला सूट दिली तर सबळाच्या ताटातलं काही कमी होत नाही. त्यामुळे न्यायाचं हे बारीक यंत्र गरज सगळ्यांत कमी आहे तिथे तेलपाणी देऊन चालू आहे, आणि गरज आहे तिथे पन्नास पैशांची एक जाड रेघ. पण यंत्र आहे, चालतं, माणसांनीच बनवलं आहे, हे तरी कळलं. पावसाच्या खेळाला हिशेब लावता येत नाही असं कोणी म्हटलं तर आता मी गप्प बसणार नाही.

आणि खरं म्हणजे आमची जमीन एकदा मोजली गेली आहे. १८३०च्या दशकात इंदापूरकडे विंगेट आणि गोल्डस्मिड या साहेबांनी मातीची प्रतवारी करायची पद्धत बसवली. तीच पुढे वऱ्हाडात आली. पावणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन ती सोळा आण्यांची; खोली घटली, रंग बदलला की आणे कमी. त्यातही दोष धरले जात: चुनखडी मिसळली असेल, रेताड असेल, पाण्याने वाहून जाणारी असेल, आणि उताराची असेल तर तिची प्रत उतरे. हलक्या जमिनीला सारा हलका. गोल्फचा स्लोप जन्माला येण्याच्या कितीतरी आधी साहेबाने आमच्या जमिनीचा उतार कागदावर धरला होता; हेतू वसुलीचा होता, पण विचार तोच होता. सातबाऱ्यावर ‘आकार’ नावाचा जो आकडा रुपया-पैशांत आजही दिसतो, तो त्या मोजणीचा वंशज. तो इतका क्षुल्लक झाला आहे की तिकडे कोणाची नजर जात नाही. दुसऱ्या बाजूला, २०२१ पासून ई-पीक पाहणीत कास्तकार स्वतःच मोबाइलवर आपल्या वावरातलं पीक नोंदवतो, आणि तलाठी त्यातल्या काही नोंदी तपासतो. म्हणजे आपलं कार्ड आपण लिहायचं, हेही आमच्याकडे सुरू झालं.

परवा तलाठी कार्यालयाबाहेर चहा पिताना मी हे सगळं दोन-तीन कास्तकारांना सांगितलं. एक जण म्हणाला, "मास्तर, कार्ड आपणच लिवाचं तं ठीक हाय. पण सूट कोणाच्या ताटातून द्याची, हे कोण ठरवणार?" क्लबातल्या चौघांपैकी कोणालाही हा प्रश्न कधी पडला नसेल. जमिनीचा आकडा सातबाऱ्यावर आहे, पिकाचा आकडा कास्तकाराच्या मोबाइलमध्ये आहे. या दोन आकड्यांना एका कार्डावर आणायला कोणती नवी मशीन लागत नाही. लागतो तो फक्त त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला तयार असलेला कोणी तरी, आणि ते उत्तर ३१ डिसेंबरला नको, पेरणीआधी हवं.